कोस्टल रोडला पैसा होता, मग बेस्टला का नाही?

सातरस्ता

वर्सोव्याहून दहिसर आणि पुढे भाईंदरपर्यंत जाणाऱ्या कोस्टल रोडच्या बातम्या रोज येतायत, म्हणून हा धागा काढतेय. विषय मोठा आहे, जमेल तसा मांडते.

मुंबईत सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाने बांधला, अटल सेतू एमएमआरडीएने, लोकल रेल्वेच्या ताब्यात. त्यामुळे 'हे का झालं नाही' असं विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या कचेरीकडे बोट दाखवतो. दक्षिणेकडच्या कोस्टल रोडच्या बाबतीत मात्र तसं म्हणायला जागाच नाही. तो मुंबई महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून बांधला. आणि बेस्ट हा त्याच महापालिकेचा उपक्रम आहे, ७ ऑगस्ट १९४७ पासून. तिजोरी एक, आयुक्त एक, कर भरणारेही तेच.

मरीन ड्राइव्ह ते वरळी, १०.५८ किलोमीटर, खर्च सुमारे १४ हजार कोटी. मार्च २०२४ मध्ये पहिला भाग खुला झाला, टोल नाही. दुचाकीला बंदी, रिक्षाचा प्रश्नच नाही. म्हणजे मोटार किंवा टॅक्सी परवडणाऱ्यासाठी हा रस्ता फुकट आहे. मूळ आराखड्यात दोन्ही दिशांना एकेक मार्गिका बससाठी राखून ठेवायची कल्पना होती. आज तिथे राखीव मार्गिका नाही.

त्याच काळात बेस्टचं काय झालं? २०१०च्या सुमारास चार हजारांच्या वर गाड्या होत्या, त्या तीन हजारांच्या खाली आल्या. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी करार करताना स्वतःच्या ३,३३७ गाड्या ठेवू असं उपक्रमाने मान्य केलं होतं. आज स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खूप खाली आहेत, बाकी सगळ्या भाडेतत्त्वावर. बंगळुरूच्या बीएमटीसीकडे सहा हजारांहून जास्त बस आहेत, आणि तिथल्या लोकांना त्याही कमी पडतात. मे २०२५ मध्ये आपल्याकडचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा.

महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात बेस्टला १,००० कोटी. शंभर रुपयांतले दीड रुपयाहूनही कमी. आणि रोज प्रवास करणारे किती, तर लाखांत मोजावे लागतात.

माझा मुद्दा असा. रस्त्यावर केलेला खर्च भांडवली खात्यात जातो आणि तिथेच थांबतो. पुढे कोस्टल रोडने किती कमावले, बोगद्यातल्या पंख्यांचं आणि दिव्यांचं वीजबिल कोण भरतं, हे कुणी विचारत नाही. बसचा खर्च महसुली खात्यात पडतो, दरवर्षी तूट म्हणून छापून येतो आणि दरवर्षी तिच्यावर चर्चा होते. चौदा हजार कोटी परत न येणाऱ्या रस्त्याला कुणी तोट्यातला रस्ता म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ही हिशोबाची पद्धत बदलत नाही तोवर बस कायम हरणार आणि रस्ता कायम जिंकणार, आयुक्त कुणीही येवोत.

उत्तरेकडच्या टप्प्याचं काम पूर्ण व्हायच्या आत हे बोलायला हवं. तिथे ४५ हजारांवर तिवरं तोडावी लागणार आहेत. नंतर बोलून काय उपयोग?


अंधेरीचा_रहिवासी

ताई, मांडणी चांगली आहे पण एक बाजू राहिली. माझ्या आईला उपचारांसाठी नियमित दक्षिण मुंबईत न्यावं लागतं. व्हीलचेअर, ऑक्सिजन, सगळा सरंजाम. पेडर रोड आणि हाजी अलीच्या सिग्नलवर काय व्हायचं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. कोस्टल रोड झाल्यापासून आईचे हाल निम्म्यावर आले. तिला मी बसमध्ये कसा चढवणार? रस्ता फक्त श्रीमंतांसाठी असतो असं कुणी म्हणू नये. रुग्णवाहिका त्याच रस्त्यावरून जातात, टॅक्सी चालवून पोट भरणाराही त्याच रस्त्यावरून जातो.


घाटकोपर_पूर्व

संपूर्ण सहमत, धागाकर्तीशी. मेट्रो आली, पण स्टेशनपासून घरापर्यंत काय? शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं.


लाल_डबा

मी आता निवृत्त आहे. वाहक म्हणून नोकरी केली, शेवटची काही वर्षं आगारात वेळापत्रकाच्या टेबलावर होतो. आकडे ताईंनी दिलेत, मी फक्त बस मरते कशी तेवढं सांगतो.

समजा एका मार्गावर दर आठ मिनिटांना गाडी आहे. प्रवासी घड्याळ बघत नाही, थांब्यावर येतो आणि मिळेल ती पकडतो. आता गाड्या भंगारात निघाल्या, नवीन आल्या नाहीत, मग दर वीस मिनिटांना एक झाली. तीही रहदारीत अडकली की मागची तिला गाठते आणि दोन गाड्या पाठोपाठ येतात, मग चाळीस मिनिटं काहीच नाही. पुढची गाडी खच्चून भरलेली, मागची रिकामी. ज्याला परवडतं तो शेअर रिक्षा धरतो, तरुण मुलगा हप्त्यावर दुचाकी घेतो. एकदा दुचाकी घेतली की तो परत येत नाही. सहा महिन्यांनी टेबलावर कागद येतो, या मार्गाचं उत्पन्न घटलं. मग फेऱ्या कमी. अजून सहा महिन्यांनी मार्ग बंद. लोकांनी बस सोडली असं कागद म्हणतो. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, बसने त्याला सोडलेलं असतं.

बेस्ट वीजपुरवठाही करते. पूर्वी त्या वीज विभागाच्या नफ्यातून परिवहनाची तूट भरून निघायची. २००३च्या वीज कायद्यानंतर ती सोय टिकणं अवघड होत गेलं आणि शेवटी बंद झाली. त्या जागी दुसरी कायमची सोय कुणी केली नाही. दरवेळी पालिकेकडे हात पसरायचा.

भाड्याच्या गाड्यांबद्दलही बोलायला हवं. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, वाहक उपक्रमाचा. चालकाला पगार वेळेवर मिळाला नाही तर तो काम बंद करणार, आणि थांब्यावरच्या माणसाचा राग निघणार वाहकावर. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने माणसं चिरडली. त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली. आमच्या वेळी नवीन चालकाला गाडी हातात द्यायच्या आधी किती दिवस शिकवायचे ते मला ठाऊक आहे. प्रशिक्षणालाही पैसा लागतो, आणि तो कुठल्याही उद्‍घाटनाच्या फोटोत दिसत नाही.


सातरस्ता

लाल डबा काका, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचा कणा झाला. मनापासून आभार.

अंधेरीचा रहिवासी दादा, आईंच्या प्रकृतीला लवकर आराम पडो. तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच एक विचारते. आईंना न्यायला रस्ता मोकळा हवा. तो अडवतं कोण? ज्यांना बसने किंवा रेल्वेने जाणं जमलं असतं पण पर्याय धड नाही म्हणून एकेकटे मोटार घेऊन निघालेत ते. एका मार्गिकेतून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा, तीन हजार माणसं झाली. त्याच मार्गिकेत मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये साठ जण असले तर ३,६०० होतात, आणि मार्गिका तरी बरीचशी रिकामीच राहते. त्या रिकाम्या जागेतून रुग्णवाहिका जाऊ शकते. आणि गर्दीच्या वेळची १२ डब्यांची एक लोकल साडेचार-पाच हजार माणसं आणते. एकच गाडी.

मुंबईत २०१२च्या सुमारास वीस लाखांच्या आसपास वाहनं होती, आता ४५ लाखांच्या वर आहेत. या बेटाची रुंदी तेवढीच आहे. कोस्टल रोडवरून सुसाट आलेली मोटार शेवटी मरीन ड्राइव्हलाच उतरते ना? तिथे सिग्नल आहे, पार्किंगची मारामार आहे. नव्वदच्या दशकात पन्नासाहून अधिक उड्डाणपूल आखले गेले, तेव्हाही आता कोंडी संपणार असंच सांगितलं होतं. काही वर्षं बरं वाटलं. रस्ता मोकळा दिसला की जो कालपर्यंत लोकलने जात होता तोही मोटार काढतो, जो सकाळी सातला निघायचा तो नऊला निघतो, आणि लांबवर घर घेणंही परवडेल असं वाटू लागतं. थोड्या वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. वाहतूकतज्ज्ञ जगभर हे सांगत आलेत. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये काही ठिकाणी २६ मार्गिकांपर्यंत रुंद केला, तरी काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.


हिशोबनीस

भावना समजू शकतो, पण हिशोब नीट मांडू या. 'चौदा हजार कोटींत दीड कोटीची एक याप्रमाणे नऊ हजारांहून जास्त बस आल्या असत्या' असा युक्तिवाद मी ठिकठिकाणी वाचतो. इथे अजून कुणी केला नाही हे बरंच, पण होईल म्हणून आधीच लिहितो. बस विकत घेणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. ती पंधरा वर्षं चालवायला चालक, वाहक, वीज, सुटे भाग, चार्जिंगची व्यवस्था आणि रात्री उभी करायला आगार लागतं. मुंबईत हे शेवटचं सगळ्यात महाग आहे. आगारांच्या जागांवर सगळ्यांचा डोळा आहे. एकदा तिथे टॉवर उभा राहिला की बस कुठे उभी करणार?

शिवाय नऊ हजार बस आजच्या रस्त्यांवर सोडल्या तर त्याही मोटारींच्या मागे उभ्या राहतील. गाडी ताशी सात-आठ किलोमीटरने सरकली तर तोच चालक दिवसात निम्म्या फेऱ्या करतो. खर्च तेवढाच, उत्पन्न निम्मं. वेगाला मी पैशांइतकंच महत्त्व देतो, आणि वेग हवा तर राखीव मार्गिका हवी. तिला काँक्रीट फारसं लागत नाही, मोटारवाल्याकडून जागा काढून घ्यायचं धैर्य लागतं. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग केला. थांबे, चौक, पादचाऱ्यांचं ओलांडणं, सगळंच अर्धवट ठेवलं आणि मग प्रयोग फसला असं जाहीर केलं. नगर रस्त्यावरची मार्गिकाही पुढे उखडली. अर्धवट करून बदनाम करण्यापेक्षा एकाच रस्त्यावर करा, पण पूर्ण करा.


डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो

सगळे बस आणि कोस्टल रोडवर बोलताय, आमच्याकडेही बघा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका, नऊ-दहा किलोमीटरचं काम. मंजुरी २००८ ची, सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. कोस्टल रोडचं काम २०१८च्या अखेरीस सुरू होऊन, मध्ये २०१९ मध्ये हायकोर्टात अडकूनही, २०२४ मध्ये गाड्या धावायला लागल्या. समुद्रात भराव टाकून १११ हेक्टर जमीन तयार करता येते, मलबार हिलखालून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे खणता येतात, आणि रुळांच्या बाजूला आणखी दोन रूळ टाकायला चौदा वर्षं लागतात. कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी तर अजून रखडलेलीच आहे.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून लोक खाली पडले. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. एखाद्या रस्त्यावर वर्षाला इतके मेले असते तर तो रस्ता एव्हाना दुपदरीचा आठपदरी झाला असता. रोज माझ्या डब्यात दारात लटकणारी पोरं बघतो आणि घरी पोचेपर्यंत जीव मुठीत असतो. त्यांच्यासाठी एवढी घाई कुणाला का नाही?


अंधेरीचा_रहिवासी

डोंबिवलीकर, तुमच्या प्रतिसादावर माझ्याकडे उत्तर नाही. हे व्हायलाच हवं होतं, आधी व्हायला हवं होतं.


चार्ल्स_नदीकाठी

नमस्कार. मी मूळची गिरगावची, बरीच वर्षं बॉस्टनमध्ये आहे. इथे जे घडलं ते या चर्चेला उपयोगी पडेल.

साठच्या दशकात बॉस्टनच्या मधून दोन महामार्ग काढायचं ठरलं होतं, साउथवेस्ट एक्स्प्रेसवे आणि इनर बेल्ट. रॉक्सबरी आणि जमेका प्लेन या वस्त्यांतली घरं पाडायला सुरुवातही झाली. मोकळे झालेले पट्टे नुसते पडून होते. विरोध करणारे तिथलेच रहिवासी होते, काळे, गोरे, चर्चवाले, विद्यापीठातले नियोजक, सगळे एकत्र. १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी टीव्हीवरून काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि १९७२ मध्ये ते महामार्ग रद्दच केले. हे सार्जंट आधी राज्याचे बांधकाम आयुक्त होते, रस्ते बांधणं हेच त्यांचं काम होतं. रस्त्यांवरचा आपला विश्वास चुकीचा होता असं त्यांनी लोकांना उघड सांगितलं.

पण मला मोलाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. महामार्गाला केंद्राकडून ९० टक्के पैसे मिळायचे. महामार्ग नको म्हटलं की ते पैसे गेले. मग कुठलं राज्य नको म्हणेल? बॉस्टनच्या लोकांनी वॉशिंग्टनला जाऊन हा नियमच बदलून घेण्यासाठी झगडा केला. १९७३च्या कायद्याने शहरांना रद्द केलेल्या महामार्गाच्या निधीच्या बदल्यात सार्वजनिक वाहतुकीला पैसे घेता येऊ लागले. साउथवेस्टच्या त्या मोकळ्या पट्ट्यातून ऑरेंज लाईन ही मेट्रो नेली, शेजारून लांब पल्ल्याच्या आगगाड्या, वर आणि बाजूने बाग. १९८७ मध्ये ती सुरू झाली. सातरस्ता म्हणतेय ते खात्यांचं कोडं इथे कायदा बदलून सोडवावं लागलं. नुसती मनं बदलून भागलं नाही.

याच शहराची दुसरी बाजूही सांगते. पुढे इथेच बिग डिग झाला, शहराखालून महामार्गाचा बोगदा, पंधरा अब्ज डॉलरच्या घरात गेलेला. त्याच्या प्रदूषणाची भरपाई म्हणून रेल्वे-ट्रामची जी कामं कबूल केली होती त्यांच्या कर्जाचा मोठा बोजा एमबीटीए या वाहतूक संस्थेवर पडला. त्यातली ग्रीन लाईनची वाढ २०२२ मध्ये पूर्ण झाली. आणि त्याच वर्षी, इतक्या झगड्यातून उभी राहिलेली ऑरेंज लाईन थकलेल्या देखभालीसाठी सलग ३० दिवस पूर्ण बंद ठेवावी लागली. मार्ग बांधून घेतलात तरी रोजच्या देखभालीच्या पैशांसाठी भांडत राहावं लागतं. लाल डबा काकांनी तेच सांगितलंय.


माहीम_कॉजवे

कोळीवाड्याचा विषय कुणी काढला नाही. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरापाशी पुलाच्या खांबांमधलं अंतर आधी ६० मीटर ठरलं होतं. होड्या भरतीच्या वेळी निघणार कशा? कोळी बांधवांनी २०० मीटर मागितले, काम अडवलं, बोटी समुद्रात उभ्या केल्या, शेवटी १२० मीटरवर तडजोड झाली. समुद्र कसा वागतो हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे त्यांना आराखडा बनवतानाच विचारलं असतं तर? वर्सोवा, मालाड, गोराई, सगळीकडे कोळीवाडे आहेत. आता तरी आधी विचारा.


अंधेरीचा_रहिवासी

रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. कोस्टल रोड नको होता असं मी म्हणणार नाही, आईसाठी तो मला हवाच होता. पण एक सुचवतो. मोटारवाल्यांकडून टोल घ्या, आणि तो थेट बेस्टला द्या. रुग्णवाहिका आणि रुग्ण नेणाऱ्या गाड्या वगळा. अटल सेतूवर एका खेपेला अडीचशे रुपये देतोच ना लोक? मी देईन. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यात मोटार आणायचं शुल्क सुरू केलं, तेव्हा निव्वळ उत्पन्न वाहतूक सुधारणेवरच खर्च करायचं कायद्यानेच बांधलं होतं.


हिशोबनीस

हे खरंच चांगलं आहे. अट एकच, ते पैसे पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात पडता कामा नयेत. वेगळं खातं, वर्षातून एकदा जाहीर हिशोब. नाहीतर टोल येईल आणि तेवढंच अनुदान गुपचूप कापलं जाईल.


सातरस्ता

अंधेरीकर दादा, ही सूचना माझ्या मूळ लेखापेक्षा पुढची आहे. मी ती मनापासून उचलते.

अर्थसंकल्पाआधी महापालिका नागरिकांकडून सूचना मागवते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बरीच वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता. बेस्ट समितीही नव्हती, सभागृहात कुणी प्रश्न विचारणारं नव्हतं. त्या काळात कित्येक निर्णय झाले. आता सूचना पाठवताना नुसतं 'बस वाढवा' लिहून चालणार नाही. मी एक मसुदा करतेय. बेस्टला दरवर्षी अर्थसंकल्पाचा ठरावीक हिस्सा, मागावा न लागणारा. आगाराची जमीन विकायची किंवा भाड्याने द्यायची तर तेवढ्याच गाड्यांची जागा आधी. वर्सोवा-दहिसर मार्गावर बसची राखीव मार्गिका पहिल्या दिवसापासून, 'नंतर बघू' नको. आणि टोलचं वेगळं खातं. प्रत्येकाने आपापल्या प्रभागातला एखादा बंद झालेला मार्ग त्यात क्रमांकासकट लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला तो कागदावर शोधता येईल.


लाल_डबा

मसुद्यात एक भर घाला ताई. राखीव मार्गिका मागताय ते बरोबर, पण कोस्टल रोडसारख्या रस्त्यावर बस थांबते कुठे? दक्षिणेकडे अमरसन्स, हाजी अली आणि वरळी इथे चढायला-उतरायला रॅम्प आहेत. बस तिथून खाली येऊन वळसा घालून पुन्हा वर गेली तर वाचलेली सगळी मिनिटं तिथेच जातात. न उतरता सरळ गेली तर मधल्या माणसाला तिचा उपयोग नाही. उत्तरेकडच्या रस्त्यावर थांब्याची जागा रस्त्याला लागूनच हवी, आणि तिथून मेट्रोच्या किंवा लोकलच्या स्टेशनला जोडगाडी. हे खांब उभे राहायच्या आधी नकाशात आलं पाहिजे, नंतर कुणी जागा देणार नाही. मालवणी आणि गोराई आगारातल्या चालकांना बोलावून विचारा, कुठे किती माणसं उभी असतात ते त्यांना तोंडपाठ आहे. माझ्याकडे जुन्या मार्गांची वह्यांमध्ये केलेली टिपणं आहेत, ती मी तुम्हाला द्यायला तयार आहे.